आधी खोली, मग फ्रेम, मग मशीन

प्रश्न : गेली आठ वर्षे मी साध्या घरगुती शिलाई मशीनवर क्विल्ट, म्हणजे तीन थरांची गोधडी, करते. तुकडे जोडून वरचा थर तयार करण्यात माझा वेळ आनंदात जातो. परंतु मोठा क्विल्ट मशीनच्या अरुंद जागेतून रेटताना आता खांदे भरून येतात, आणि जमिनीवर बसून तिन्ही थरांना कच्चे टाके घालणे गुडघ्यांना सोसत नाही. वर्षाकाठी सात-आठ क्विल्ट होतात, त्यांतील निम्मे पलंगाच्या मापाचे असतात आणि सर्वांत मोठा १०० बाय १०८ इंचांचा झाला आहे. घरातली १४ फूट लांब व ११ फूट रुंद अशी एक खोली आता मोकळी झाली आहे. विक्रेत्यांनी तीन पर्याय सुचवले आहेत : १८ इंची बैठे मशीन, १० फुटी फ्रेमवरचे २० इंची मशीन आणि १२ फुटी फ्रेमवरचे संगणकासह २६ इंची मशीन. तिसरे घेतले तर इतरांचे क्विल्ट शिवून देऊन खर्च भरून निघेल, असेही त्यांचे म्हणणे आहे. मला हाताने मोकळी नक्षी काढायला आवडते, पण सराव बेताचाच आहे. यांतून काय निवडावे?

उत्तर : तुम्ही पत्रात खोलीची आणि क्विल्टची मापे दिलीत, हे फार बरे केलेत, कारण लाँग आर्म मशीनची, म्हणजे क्विल्टसाठीच बनवलेल्या लांब हाताच्या मशीनची, निवड मशीनपासून सुरू झाली की पुष्कळदा चुकते. तुमची मापे आणि तुमच्या तक्रारी एकत्र पाहता दुसरा पर्याय, म्हणजे १० फुटी फ्रेमवरचे २० इंची मशीन (हे इंच सुईमागच्या मोकळ्या जागेचे), तुम्हाला योग्य ठरेल असे माझे मत आहे. त्यात टाक्यांची लांबी एकसारखी ठेवणारा स्टिच रेग्युलेटर असलाच पाहिजे, आणि संगणक सध्या नसला तरी काही बिघडत नाही. हे मत कशावरून बनले ते आता सविस्तर सांगते, म्हणजे विक्रेत्यासमोर बसाल तेव्हा कोणते मुद्दे सोडायचे नाहीत हे तुमच्या हाताशी राहील.

बैठ्या मशीनचा विचार आधी करू. त्यात मशीन टेबलात पक्के बसवलेले असते आणि कापड तुम्ही दोन्ही हातांनी सुईखाली फिरवता, म्हणजे पेन्सिल स्थिर ठेवून कागद हलवावा तसे. फ्रेमवर याच्या उलट क्विल्ट ताणून स्थिर असतो आणि चाकांवर बसवलेले मशीन तुम्ही हँडल धरून फिरवता. बैठ्या मशीनला टेबलाएवढीच जागा लागते, बारीक नक्षीवर ताबा चांगला राहतो आणि घरगुती मशीनवर हात बसलेला असेल तर नवे काही शिकावे लागत नाही, हे त्याचे खरे गुण आहेत. परंतु तिन्ही थर आधी कच्च्या टाक्यांनी किंवा पिनांनी जोडावेच लागतात, आणि मोठ्या क्विल्टचे ओझे, टेबल कितीही रुंद असले तरी, शेवटी तुमच्याच खांद्यांनी फिरवायचे असते. तुमच्या दोन्ही तक्रारी याच दोन कामांविषयी आहेत. फ्रेमवर अस्तर, बॅटिंग (मधला भरावाचा थर) आणि वरचा थर वेगवेगळे चढवले जातात, रोलरमुळे ते एकसारखे ताणले जातात आणि कच्च्या टाक्यांचे काम उरतच नाही. त्यामुळे पहिला पर्याय कितीही आटोपशीर दिसला तरी ज्या कारणासाठी तुम्ही एवढा खर्च करायला निघाला आहात, ते कारण त्याने सुटणार नाही.

आता खोली. १४ फुटांच्या भिंतीला समांतर १० फुटी फ्रेम ठेवली तर दोन्ही टोकांना दोन-दोन फूट उरतात आणि माणूस सहज ये-जा करू शकतो. १२ फुटी फ्रेम ठेवली तर एकेक फूट उरतो, म्हणजे कोणत्याच टोकाने जाता येत नाही. एक टोक भिंतीला चिकटवले तर दुसरीकडे वाट मिळते खरी, पण चिकटवलेल्या टोकाकडे रोलर अडवून धरणारी खटकी असेल किंवा क्विल्टच्या कडेचे चिमटे तेथे लावायचे असतील, तर प्रत्येक वेळी अंग चोरून काम करावे लागेल. खोलीच्या रुंदीचा हिशेबही असाच करावा. फ्रेमचा सांगाडा तसा अरुंद असला तरी मशीन पुढे-मागे सरकते तेव्हा त्याची हँडले आणि मागचा भाग सांगाड्याच्या बाहेर येतात; या हालचालीसकट एकंदर पाच फूट धरले तर ११ फुटांपैकी सहा उरतात, म्हणजे पुढे तीन आणि मागे तीन. मागची जागा अनेक जण हिशेबात धरत नाहीत. कागदावर छापलेली लांब नक्षी लेझरच्या ठिपक्याने गिरवत शिवायची पद्धत, जिला पँटोग्राफ म्हणतात, ती मशीनच्या मागे उभे राहून करायची असते, आणि नवशिक्या व्यक्तीला मोठा क्विल्ट नीट पुरा करायचा तोच सर्वांत सोपा मार्ग आहे. खोलीचे दार आत उघडते का, कपाट कोठे आहे, खिडकीखाली काही पुढे आलेले आहे का, हे सारे जमिनीवर चिकटपट्टीने फ्रेमची आकृती आखून आणि तिच्याभोवती प्रत्यक्ष फिरून पाहावे. कागदावरच्या नकाशात माणसाला कोपरे नसतात.

१० फुटी फ्रेमवर १०० इंची क्विल्ट मावेल का, हा पुढचा प्रश्न तुमच्या मनात असेलच. फ्रेम १२० इंचांची असली तरी शिवता येणारी रुंदी त्याहून कमी असते, कारण दोन्ही टोकांना मशीनच्या स्वतःच्या रुंदीची जागा जाते. किती जाते ते फ्रेमच्या रचनेवर अवलंबून आहे. म्हणून ‘फ्रेम किती फुटी’ असे न विचारता ‘या फ्रेमवर या मशीनने डावीकडून उजवीकडे सुई किती इंच फिरते’ असे विचारावे आणि उत्तर लेखी घ्यावे. तुमच्या सर्वांत मोठ्या क्विल्टची लहान बाजू १०० इंच आहे, आणि क्विल्ट आडवा किंवा उभा कसाही चढवता येत असल्यामुळे तीच बाजू फ्रेमच्या लांबीत ठेवायची. लांब बाजू कितीही असो, ती रोलरवर गुंडाळली जाते. अस्तर दोन्ही बाजूंना चार-चार इंच जास्त लागते, म्हणजे ते १०८ इंच रुंद झाले. ते मावले पाहिजे आणि सुई निदान १०० इंचांच्या पलीकडे थोडी गेली पाहिजे. एवढे जमत असेल तर १२ फुटी फ्रेमची तुम्हाला गरज नाही. एक अडचण मात्र राहते : क्विल्ट आडवा चढवला की ज्या नक्षीला वरची-खालची बाजू असते, पाने किंवा पक्षी यांसारखी, ती अंथरल्यावर आडवी दिसते. अशा क्विल्टसाठी दिशा नसलेली नक्षी निवडावी.

आता थ्रोटकडे वळू, कारण जाहिरातीत हाच आकडा सर्वांत ठळक असतो आणि गैरसमजही त्याविषयीच सर्वांत जास्त असतात. थ्रोट म्हणजे सुईपासून मशीनच्या मागच्या खांबापर्यंतची मोकळी जागा. घरगुती मशीनला ती बहुधा सहा ते नऊ इंच असते, म्हणून २० हा आकडा ऐकताच भरपूर वाटतो. पण फ्रेमवर शिवून झालेला भाग ज्या रोलरवर गुंडाळला जातो, तो रोलर याच जागेतून जातो. समजा रोलर दोन इंच जाडीचा आहे आणि शिवलेला क्विल्ट दाबून एक अष्टमांश इंच जाड राहतो. तर १०८ इंच गुंडाळून झाल्यावर ती गुंडाळी सुमारे साडेचार इंच व्यासाची होते. त्याखेरीज सुईचा पाय गुंडाळीला आणि पुढच्या रोलरला घासू नये म्हणून थोडे अंतर सोडावे लागते. अशा रीतीने २० इंची मशीनवर क्विल्टच्या शेवटच्या टप्प्यात हाताशी साधारण १४ इंच उरतात. १५ किंवा १६ इंची मशीनवर नऊ-दहा उरतात, आणि तेथे १२ इंची चौकोनी ब्लॉकची (तुकडे जोडून केलेल्या एका चौकोनाची) नक्षी एका दमात पुरी होत नाही. अर्धी काढून क्विल्ट पुढे सरकवावा लागतो आणि सांधा जुळवावा लागतो. हाच ब्लॉक कोनावर उभा बसवला तर त्याचा कर्ण सुमारे १७ इंच भरतो, म्हणजे तो २० इंची मशीनवरही शेवटी शेवटी दोन टप्प्यांत करावा लागेल, हेही जाणून असा. जाड बॅटिंग आवडत असेल तर हा हिशेब आणखी घट्ट होतो.

मग २६ इंचीच का घेऊ नये, असे तुम्ही विचाराल. थ्रोट वाढला की मशीनचा हात लांब होतो, वजन वाढते, आणि पुढे उभे राहून मागच्या टोकाशी नक्षी काढताना अधिक वाकावे लागते. जड मशीन सरळ रेषेत सुरेख धावते, पण एकदा वेग घेतला की छोट्या वळणावर त्याला थांबवायला मनगट आणि खांदा लागतो. संगणक चालवणार असेल तर ही अडचण जाणवत नाही. तुम्हाला मात्र हाताने मोकळी नक्षी काढायची आवड आहे आणि खांदे दुखतात म्हणूनच तुम्ही घरगुती मशीन सोडता आहात. माझ्या मते हाताने काम करणाऱ्या व्यक्तीसाठी १८ ते २२ इंचांच्या दरम्यान सोय आणि श्रम यांचा मेळ चांगला बसतो, आणि उंची कमी असेल तर त्यातल्या लहान आकड्याकडे कल ठेवावा. फ्रेमचे पाय उंचीला खाली-वर होतात याची खात्री करून घ्यावी. हँडल धरल्यावर कोपर अंगाशी सैल राहून हात जवळपास आडवा राहिला पाहिजे.

स्टिच रेग्युलेटरविषयी मी इतक्या ठामपणे का लिहिले, तेही सांगते. फ्रेमवरच्या मशीनला कापड पुढे सरकवणारे दाते नसतात, त्यामुळे टाक्याची लांबी सुईचा वेग आणि तुमच्या हाताचा वेग यांवर ठरते. नवशिक्याचा हात सरळ रेषेवर धावतो आणि कोपऱ्यावर अडखळतो. परिणामी रेषेवर लांबलचक टाके पडतात आणि कोपऱ्यात टाक्यांचा गठ्ठा होतो. रेग्युलेटर चाकांजवळच्या संवेदकांकडून मशीनची हालचाल मोजतो आणि मोटरचा वेग त्याप्रमाणे कमी-जास्त करतो, त्यामुळे इंचाला दहा टाके ठरवले असतील तर हात मंद असो वा जलद, टाके दहाच्या आसपास राहतात. बऱ्याच मशीनवर याच्या दोन रीती असतात : एकीत तुम्ही थांबलात की सुई थांबते, दुसरीत ती सावकाश चालत राहते. पहिली रूलर (पट्टी) धरून सरळ काम करताना बरी, दुसरी वळणावळणाच्या मोकळ्या नक्षीत. दोन्ही असल्या तर उत्तम. पैसे वाचवायचे असतील तर पडद्याच्या आकारात, दिव्यांत, सजावटीच्या टाक्यांत वाचवावेत, रेग्युलेटरमध्ये वाचवू नयेत.

संगणकाचा मुद्दा वेगळा आहे. तो मशीनला पट्टे आणि मोटर लावून साठवलेली नक्षी स्वतः शिवून काढतो, आणि एकच नक्षी एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पसरवायची असेल तर त्याची अचूकता हाताला साधणे अवघड आहे. पण क्विल्ट चढवणे, ताण जमवणे, प्रत्येक ओळ संपल्यावर क्विल्ट पुढे गुंडाळून नक्षी पुन्हा जुळवणे, बॉबिन (खालच्या दोऱ्याची रिळी) संपल्यावर बदलणे आणि दोरा तुटला की धावत येणे ही कामे तुमचीच राहतात. शिवाय तो आज्ञावली, अद्ययावतीकरण आणि दुरुस्ती यांचे एक नवे शास्त्र घरात आणतो. तुम्हाला आवड हाताच्या नक्षीची आहे, म्हणून पहिले वर्ष हाताने काढावे असे मी सुचवीन. अनेक उत्पादक संगणकाची जोडणी नंतर बसवून देतात. तुम्ही पाहत असलेल्या मॉडेलला ती बसते का आणि त्यासाठी फ्रेम किंवा मशीनचा कोणता भाग बदलावा लागतो, एवढे आजच विचारून ठेवा.

इतरांचे क्विल्ट शिवून खर्च भरून काढण्याचा सल्ला विक्रेत्याने दिला आहे, त्याकडे जरा सावधपणे पाहा. हिशेब तसा सोपा आहे : आज तुम्ही क्विल्ट बाहेर शिवायला दिला तर एकाला जेवढे पैसे द्यावे लागतील, त्याला तुमच्या वर्षाच्या सात-आठ क्विल्टांनी गुणा आणि मशीनची एकूण किंमत त्या आकड्याने भागा, स्वतःच्याच क्विल्टांनी खर्च किती वर्षांत फिटतो ते समजेल. ती वर्षे तुम्हाला मान्य असतील तर मशीन घ्यावे, आणि मान्य नसतील तर ज्या स्टुडिओत तासावर लाँग आर्म मशीन वापरायला देतात तेथे तुमचे वर्षातले तीन-चार मोठे क्विल्ट शिवून पाहावेत. दुसऱ्याचा क्विल्ट हाती घेणे म्हणजे वाकडेतिकडे जोडलेले थर, लहान पडलेले अस्तर, ठरलेली तारीख आणि एखाद्याने वर्षभर खपून केलेले काम बिघडण्याची धास्ती, हे सारे अंगावर घेणे आहे. तुमचा सराव बेताचा आहे असे तुम्हीच लिहिले आहे. तेव्हा त्या उत्पन्नाच्या भरवशावर महागडा पर्याय निवडू नये.

मशीन पाहायला जाताना तुमचा नेहमीचा दोरा, नेहमीचे बॅटिंग आणि अस्तराचे कापड सोबत घेऊन जा, कारण दुकानातला नमुना त्यांच्या जमवलेल्या दोऱ्यावर आणि ताणावर नेहमीच सुंदर येतो. शक्य असेल तर किमान एक तास मागा. आधी मोठे गोल काढा, एकदा उजव्या दिशेने आणि एकदा डाव्या. मग आठच्या आकड्यासारखे वळसे, मग तिरप्या रेषा, आणि शेवटी स्वतःचे नाव लिहा. नाव लिहिताना मशीन किती हलके फिरते ते लगेच कळते. त्यानंतर कापड उलटे करून मागची बाजू नीट पाहा. खालचा दोरा कापडावर नुसता सरळ आडवा पडलेला दिसत असेल, किंवा वळणावर छोटे छोटे वळसे पापणीच्या केसांसारखे बाहेर आलेले असतील, तर वरच्या आणि खालच्या दोऱ्याचा ताण जमलेला नाही. तो तुमच्या समोर जमवून दाखवायला सांगा, कारण पुढे हे काम तुम्हालाच वारंवार करायचे आहे आणि विक्रेता ते किती सहज करतो यावरून त्याला मशीनची माहिती किती आहे हेही दिसेल. एकाच दिशेला जाताना दोरा पुन्हा पुन्हा तुटत असेल तर सुई आणि हुक (वरचा दोरा पकडून खालच्याभोवती फिरवणारा भाग) यांचे टायमिंग, म्हणजे हालचालींचा मेळ, तपासायला सांगा. मशीन बंद करून मधोमध सोडून द्या. ते आपोआप एका बाजूला सरकू लागले तर फ्रेम समपातळीत नाही, आणि घरी जोडणी करताना स्पिरिट लेव्हलने याच गोष्टीकडे सर्वांत आधी लक्ष द्यायचे आहे.

गॅमिल, एपीक्यूएस, हँडी क्विल्टर, बर्निना, जुकी, जॅनोम अशी अनेक नावे या क्षेत्रात आहेत. नावापेक्षा तुमच्या जवळ दुरुस्ती करणारा माणूस आहे का, सुटे भाग किती दिवसांत मिळतात आणि तंत्रज्ञ घरी येतो की मशीनचे डोके काढून पाठवावे लागते, हे तीन प्रश्न मला महत्त्वाचे वाटतात. मशीन दुसऱ्या देशातून मागवणार असाल तर त्याला ११० ते १२० व्होल्ट लागतात की २२० ते २४०, हे पाटीवर वाचून घ्या. ट्रान्सफॉर्मर लावून चालेल असे कोणी सांगितले तरी उत्पादकाला विचारल्याशिवाय विश्वास ठेवू नका, कारण हमी बहुधा त्यावरच अडते. सुया बहुतेक लाँग आर्म मशीनला गोल दांड्याच्या, कारखान्याच्या मशीनसारख्या लागतात, घरगुती मशीनच्या चालत नाहीत, आणि बॉबिनही एल किंवा एम या मापांचे असते. एम मोठे असल्यामुळे त्यात दोरा जास्त मावतो आणि मोठ्या क्विल्टमध्ये ते कमी वेळा बदलावे लागते. दोन्ही वस्तू सहज मिळतात का, ते आधी पाहा.

वापरलेले मशीन मिळत असेल तर नाही म्हणू नका. नीट सांभाळलेले लाँग आर्म मशीन पुष्कळ वर्षे चालते. फक्त मशीनने आजवर घातलेल्या टाक्यांचा आकडा, चाकांवर पडलेले सपाट भाग, रुळांवरचे ओरखडे आणि हुकाजवळचा गंज पाहा, आणि ते मॉडेल उत्पादक अजून सांभाळतो का हे त्याच्याकडूनच विचारून घ्या.

आता प्रत्यक्ष क्रम असा ठेवा. या आठवड्यात खोलीत १० बाय ५ फुटांची आकृती आखा आणि दाराची हालचाल तपासा. मग तिन्ही विक्रेत्यांकडून सुईची खरी आडवी चाल, गुंडाळी पूर्ण भरल्यावर उरणारी जागा आणि मशीनच्या डोक्याचे वजन, ही तीन मापे लेखी मागवा. दुसऱ्या पर्यायात आडवी चाल १०० इंचांपेक्षा थोडीही कमी भरली, तर त्याच २० इंची मशीनसाठी ११ फुटी किंवा जोड लावून वाढवता येणारी फ्रेम मिळते का, ते विचारा. १२ फुटी फ्रेमचा विचार त्यानंतर.